प्रोसेसरचे कुलूप आणि पेन्सिलची रेघ : एक अभ्यासपाठ



आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत संगणक वर्ग सुरू झाला तेव्हा आपल्याजवळ दोनच यंत्रे होती. २००४ साली सभासदांच्या वर्गणीतून ती जुन्या बाजारातून आणली होती. दोन्हींत एएमडी कंपनीचा ड्युरॉन हा प्रोसेसर होता व त्यावर ६०० हा आकडा छापलेला होता. यंत्र उघडून आतले भाग दाखवीत असताना नववीतील एका मुलीने विचारले, "सर, ही चिप सहाशेच का? सातशे का नाही?" मी उत्तर दिले, "तिच्यावर तसे लिहिले आहे म्हणून."

उत्तर देऊन झाले आणि माझी मलाच लाज वाटली. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपण दर पौर्णिमेला सांगतो. एखादी गोष्ट केवळ ऐकली आहे, परंपरेने आली आहे किंवा ग्रंथात लिहिली आहे एवढ्याने ती मान्य करू नये, हे आपण मुलांना शिकवितो. आणि संगणकाच्या वर्गात मात्र "लिहिले आहे म्हणून" हेच माझे उत्तर! त्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधताना जे शिकावयास मिळाले, ते या पाठात क्रमाने मांडीत आहे. ड्युरॉन आता जुना झाला, तो आज दुकानात मिळत नाही. परंतु अभ्यासासाठी त्याच्याइतके सोपे उदाहरण दुसरे नाही. कारण त्याचे कुलूप डोळ्यांनी दिसते.

१. प्रोसेसरचा वेग कसा ठरतो?

प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर काम करतो. एका सेकंदात दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवर एक मूळ ठोका तयार होतो, त्याला बसचा वेग म्हणतात. प्रोसेसर आपल्या आत या ठोक्याला एका ठरावीक संख्येने गुणतो. ती संख्या म्हणजे गुणक. आपल्या ड्युरॉनमध्ये बस १०० मेगाहर्ट्झची व गुणक ६. म्हणून वेग ६००. छापलेल्या आकड्यापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

म्हणजे वेग वाढविण्याचे मार्ग दोन. एक तर बसचा वेग वाढवायचा, नाहीतर गुणक वाढवायचा. बस वाढविण्यात एक अडचण आहे. त्या काळच्या मदरबोर्डवर हार्डडिस्क, ध्वनिकार्ड इत्यादींना जोडणारी पीसीआय ही वाट बसच्याच ठोक्यातून भागाकाराने चालत असे. १०० ला ३ ने भागले की पीसीआयचा नेमलेला ३३ मेगाहर्ट्झ वेग मिळतो. बस ११२ केली की पीसीआय ३७ च्या पुढे जाते. प्रोसेसरला ते सोसले तरी हार्डडिस्कला सोसेलच असे नाही, आणि तिच्यावरील माहिती बिघडू शकते. एकाचा वेग वाढवायचा आणि त्याचा भार सर्व घरादारावर टाकायचा, असा हा प्रकार. गुणक वाढविला तर मात्र भार फक्त प्रोसेसरवर येतो. म्हणूनच गुणकाचे कुलूप महत्त्वाचे.

२. कुलूप का घातले गेले?

प्रोसेसर हे सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकाच वेळी शेकड्यांनी तयार होतात. नंतर एकेकाची चाचणी होते. जो मोठ्या वेगावर बिनचूक चालतो त्याला मोठा आकडा व मोठी किंमत, जो कमी वेगावर चालतो त्याला लहान आकडा. इथपर्यंत सर्व रास्त आहे. पण बाजारात स्वस्त मालाला मागणी अधिक असते. उत्पादन सुधारले की चकतीवरील बहुतेक चिपा मोठा वेग पेलतात. तरीही मागणी भागविण्यासाठी त्यांतील चांगल्या चिपांवरही लहान आकडा छापावा लागतो. ड्युरॉनचेच पाहा. जून २००० मध्ये तो ६००, ६५० व ७०० मेगाहर्ट्झ अशा तीन वेगांत बाजारात आला. पुढील वर्षापर्यंत त्याच रचनेचा ड्युरॉन ९५० मेगाहर्ट्झपर्यंत विकला गेला. रचना तीच, आकडा वेगळा.

कुलपामागे दोन कारणे होती. पहिले कारण अप्रामाणिक व्यापाऱ्यांनी निर्माण केले. १९९० च्या दशकात काही व्यापारी कमी वेगाच्या चिपेवरील छाप घासून काढीत, त्यावर मोठा आकडा छापीत आणि तीच चिप वाढीव वेगाने चालवून चढ्या भावाने विकत. गिऱ्हाईक फसत असे व नाव कंपनीचे खराब होत असे. त्यामुळे इंटेलने गुणक पक्का करण्यास सुरुवात केली व पुढे एएमडीनेही केली. दुसरे कारण व्यापाराचे. स्वस्त चिप सहज महाग चिपेसारखी चालू लागली तर महाग कोण घेणार?

इंटेलच्या पक्क्या गुणकावर एक साधी वाट निघाली होती, तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ४.५ गुणकाने चाले. त्याच्या जोडपट्टीवरील बी-२१ ही पिन मदरबोर्डला बसचा वेग कळवीत असे. लोकांनी त्या एका पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ती झाकली. मग मदरबोर्ड बस १०० ची समजे आणि चिप ४५० वर चाले. १०० ला ३ ने भागता येत असल्यामुळे पीसीआय ३३ वरच राही. चिकटपट्टी काढली की सर्व पूर्ववत. कुलूप न मोडता काम करणे म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना होय.

३. एल-१ चे पूल

ड्युरॉन व त्याचा मोठा भाऊ थंडरबर्ड ॲथलॉन हे सॉकेट-ए प्रकारचे, ४६२ पिनांचे प्रोसेसर. त्यांच्या चिनी मातीसारख्या पाठीवर मधोमध सिलिकॉनचा उघडा तुकडा असतो व त्याच्या आजूबाजूला बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात. प्रत्येक ओळीजवळ एल-१, एल-२ असे लिहिलेले असते. समोरासमोरचे दोन ठिपके जोडणारी सूक्ष्म रेघ म्हणजे एक पूल.

यांपैकी एल-१ च्या ओळीत चार पूल असतात. मदरबोर्डने सांगितलेला गुणक प्रोसेसरपर्यंत याच पुलांवरून पोहोचतो. सुरुवातीच्या काही चिपांवर हे पूल अखंड होते. नंतर कारखान्यात चिप तयार झाल्यावर लेसरने ते कापण्यात येऊ लागले. पूल कापला की मदरबोर्डचा निरोप पोहोचत नाही व प्रोसेसर स्वतःच्या ठरविलेल्या गुणकावरच चालतो. हेच ते कुलूप.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा काप चिपेच्या घडणीत नाही. चिप जन्माला आल्यानंतर तिच्यावर तो घातला गेला आहे. आणि कापामधले अंतर इतके कमी आहे, की तेथे वीज वाहून नेणारी साधी रेघ ओढली तरी पूल पुन्हा जोडला जातो. शाळकरी पेन्सिलमधील शिसे हे खरोखरचे शिसे नसून ग्राफाइट असते आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. म्हणून २००० साली जगभरच्या हौशी मंडळींनी पेन्सिलने हे कुलूप उघडले. डाग नको, तार नको, झाळकाम नको. आणि रेघ पुसली की चिप होती तशी.

४. प्रत्यक्ष कृती

(अ) प्रथम मदरबोर्ड तपासावा. गुणक बदलण्याची सोय त्यावर नसेल तर पूल जोडून उपयोग नाही. त्या काळच्या असूस ए७व्ही या बोर्डवर त्यासाठी बारीक खटके होते, तर अबिट केटी७ वर बायॉसमध्येच सोय होती.

(आ) हार्डडिस्कवरील महत्त्वाच्या माहितीची प्रत काढून ठेवावी. मूळ वेग, मूळ व्होल्टेज व मूळ तापमान वहीत लिहावे. परत यायचे असेल तर निघालो कोठून हे ठाऊक असले पाहिजे.

(इ) वीज बंद करून प्लग काढावा. अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या धातूला हात लावावा. पंखा व उष्णताशोषक अलगद काढावा. उघड्या सिलिकॉनचे कोपरे वाकड्या दाबाने तुटतात.

(ई) प्रोसेसरची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. भिंगाखाली एल-१ ची ओळ शोधावी. २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलला बारीक टोक करून प्रत्येक जोडीतील दोन ठिपके उभ्या रेघेने जोडावेत. तीन-चार वेळा गिरवावे, म्हणजे रेघ चकाकते. शेजारच्या पुलाला रेघ लागता कामा नये. लागल्यास सर्व पुसून पुन्हा आरंभ करावा. उरलेली भुकटी फुंकून काढावी.

(उ) उष्णता वाहून नेणारा लेप पातळ लावावा, उष्णताशोषक सपाट बसवावा आणि त्याची पकड दोन्ही बाजूंनी अडकली आहे याची खात्री करावी. पंख्याची वायर जोडली का, हेही पाहावे.

(ऊ) गुणक एकदम ६ वरून ९ करू नये. ६.५ करावा, यंत्र सुरू करावे, तापमान पाहावे आणि तास-दोन तास भारी गणिते करू द्यावीत. प्राइम९५ ही आज्ञावली या कामी उपयोगी पडते. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते ती प्रोसेसरकडून करून घेते व उत्तर चुकले की थांबते. उत्तर बरोबर आले तरच पुढची पायरी. चुकले तर एक पायरी मागे यावे आणि तेथे समाधान मानावे.

(ए) यंत्र सुरूच झाले नाही तर मदरबोर्डवरील सीमॉस पुसण्याची पिन जोडून मूळ मांडणी आणावी, खटके असल्यास ते मूळ जागी न्यावेत. तरीही अडचण राहिल्यास अल्कोहोलने रेघा पुसाव्यात.

आमच्या पहिल्या यंत्रावर असे अर्ध्या अर्ध्या पायरीने जात चार दिवसांत आम्ही ९०० वर पोहोचलो. ९५० वर गणित चुकले, म्हणून परत ९०० वर आलो. मुलांनी प्रत्येक पायरीचे तापमान फळ्यावर लिहिले. "लिहिले आहे म्हणून" या माझ्या उत्तराला मुलांनीच दिलेले ते उत्तर होते.

५. दुसऱ्या यंत्राची गोष्ट

यशाने माणूस बेसावध होतो. दुसऱ्या यंत्राच्या वेळी विहारात बैठक होती व मला घाई होती. पेन्सिलचे काम उत्तम झाले, परंतु उष्णताशोषकाची पकड एका बाजूने अडकलीच नव्हती. मी बटण दाबले. दोन-चार सेकंदांत करपल्याचा वास आला. चिप संपली होती.

ही चूक सर्वस्वी माझी. इंटेलचा त्या काळचा पेंटियम ४ तापला की आपणहून मंद होत असे. पण ड्युरॉनमध्ये तशी आतली सोय नव्हती. हे मी वाचले होते, मुलांना सांगितलेही होते, आणि स्वतः मात्र हात लावून पकड तपासली नाही. चिप स्वस्तातली होती खरी, पण पैसा वर्गणीचा होता. त्यात धुणीभांडी करणाऱ्या माउल्यांचे दहा-दहा रुपये होते. त्याच रात्री बैठकीत मी झाला प्रकार सांगितला व नुकसान माझ्या नावे लिहिण्याची खजिनदारांना विनंती केली. तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "बाळा, पुसलं की पहिल्यासारखं होतं म्हणालास ना? मग हे का नाही झालं?"

आजींच्या या प्रश्नात सर्व पाठ सामावला आहे. पेन्सिलची रेघ पुसता येते, उष्णतेने जळालेले सिलिकॉन परत येत नाही. उलटविता येणारी कृती आणि उलटविता न येणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृती कितीही सौम्य असली तरी परिणामाची जबाबदारी संपत नाही.

उष्णतेचा हिशेबही समजून घ्यावा. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ६०० वरून ९०० केला, म्हणजे दीडपट. आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज १.५ वरून १.६५ केले, म्हणजे दहा टक्के अधिक. दहा टक्क्यांचा वर्ग म्हणजे १.२१ पट. दीड गुणिले १.२१ म्हणजे सुमारे १.८ पट उष्णता. पूर्वी २५ वॅट असेल तर आता ४५. म्हणून व्होल्टेजला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा, आणि शक्यतो लावूच नये.

६. पुढे काय झाले?

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ॲथलॉन एक्सपीच्या पाठीवर कंपनीने एल-१ च्या जागी लेसरने खोल खड्डे पाडले. पेन्सिल तेथे पुरेना. मग लोक खड्डा आधी गोंदाने भरून त्यावर चांदीच्या रंगाची रेघ ओढू लागले. हे काम पूर्णपणे परत फिरविणे अवघड. याउलट काहींनी चिपेला न शिवता सॉकेटच्या भोकांत केसासारखी बारीक तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून घातली व दोन पिना जोडल्या. तार काढली की काम पूर्ववत. २००३ च्या उत्तरार्धात एएमडीने ॲथलॉन एक्सपीचा गुणक आतूनच पक्का केला आणि हा अध्याय संपला.

२००९ साली एक निराळे कुलूप उघडले. फेनम-२ या मालिकेतील दोन व तीन गाभ्यांच्या काही चिपा मुळात चार गाभ्यांच्या होत्या, त्यांतील गाभे बंद करून त्या विकल्या जात. काही मदरबोर्डांच्या बायॉसमध्ये एक सोय चालू केली की बंद गाभे जागे होत. काहींचे गाभे निर्दोष निघाले, तर काहींचे खरोखरच सदोष होते व यंत्र अडखळू लागे. ती सोय बंद केली की चिप पूर्ववत. येथेही बाहेरून पाहून काही कळत नव्हते. चाचणी हाच एक मार्ग होता.

पुढे कंपन्यांनीच कुलूप नसलेल्या चिपा विकण्यास आरंभ केला. एएमडीच्या ब्लॅक एडिशन चिपा २००७ पासून आल्या. इंटेलच्या के अक्षराच्या चिपा २०१० पासून आल्या व त्यांना जादा किंमत पडते. २०१७ पासूनच्या एएमडीच्या बहुतेक रायझेन चिपांचा गुणक खुला असतो. आजच्या चिपा तापल्या की मंद होतात, फारच तापल्या तर बंद होतात. तेव्हा आज पेन्सिलची गरज नाही, परंतु वहीची, पायरीची व चाचणीची गरज तशीच आहे.

७. समारोप

या पाठातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, छापलेला आकडा म्हणजे योग्यता नव्हे. माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, हे वसल सुत्तात तथागतांनी अग्निक भारद्वाज ब्राह्मणाला सांगितले. ज्यांच्या पूर्वजांवर जन्मतःच लहान आकडा छापला गेला, त्या आपल्या समाजाला हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र उपमा ताणू नये. चिप ही वस्तू आहे. काही चिपांवरचा लहान आकडा खराही असतो. म्हणून आकडा नाकारणे हेही उत्तर नव्हे. कसून पाहणे हे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट, मर्यादा. सोण नावाचे भिक्खू इतके कठोर परिश्रम करू लागले की त्यांच्या पायांतून रक्त आले व ते निराश झाले. ते पूर्वी वीणा वाजवीत. तथागतांनी त्यांना वीणेच्या तारांविषयीच विचारले. तार फार ताणली तर नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आमच्या चिपेची तार ९०० वर जुळली, ९५० वर बेसूर झाली. शेजाऱ्याची चिप हजारावर चालते म्हणून आपलीही चालावी, हा हट्ट म्हणजे तृष्णाच होय.

तिसरी गोष्ट, शील. हमीच्या मुदतीतील चिपेचे कुलूप उघडले तर हमी गमावली असे समजावे. जळाल्यावर रेघ पुसून "आपोआप बिघडली" म्हणून बदलून मागणे हे खोटे बोलणे आहे आणि न दिलेले घेणेही आहे. पंचशीलातील दोन शीले एकदम मोडतात. वेग वाढविलेले यंत्र विकताना मूळ आकडा व वाढविलेला आकडा दोन्ही सांगावेत. ज्या व्यापाऱ्यांनी छाप घासून माल विकला, त्यांच्यामुळेच तर कुलूप आले. पुसता येणारी रेघ लपविण्यासाठी नसते, चूक दुरुस्त करण्यासाठी असते.

प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे शिकत गेली. ९०० वर चालणारे ते यंत्र अनेक वर्षे मुलांच्या कामी आले. जळालेली चिप मी टाकून दिली नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती मुलांच्या हातात देतो आणि भिंगातून एल-१ चे पूल पाहावयास सांगतो. पेन्सिलच्या चार रेघा तिच्यावर अजून स्पष्ट दिसतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बस १३३ मेगाहर्ट्झ व गुणक ७.५ असल्यास प्रोसेसरचा वेग किती? त्याच बसवर गुणक ९ केल्यास किती?

२. बस वाढविण्यापेक्षा गुणक वाढविणे हार्डडिस्कच्या दृष्टीने सुरक्षित का?

३. वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज वीस टक्के वाढविले तर उष्णता किती पट होईल?

४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील अशी एक कृती सांगा, जी उलटविता येते, पण जिचा परिणाम उलटविता येत नाही.

सर्वांचे मंगल होवो.